ज्याचा एक तरी, ज्याचा एकही नाही, ज्याचे सगळेच: जोडलेल्या टेबलांवरून नोंदी गाळताना

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानासाठी सॉफ्टवेअर करायला घेतले की पहिल्याच आठवड्यात दिवाणजी चार प्रश्न विचारतात. मिरज तालुक्यातले लॉट (एकत्र सौद्याला लावलेला माल) किती आले? राजापुरी हळद आणणारे शेतकरी कोणकोण? ज्यांची एकही पट्टी, म्हणजे विकलेल्या मालाच्या पैशांचा हिशोब, अजून दिलेली नाही, त्यांची यादी मिळेल का? आणि ज्यांच्या सगळ्या लॉटांचा हिशोब चुकता झाला आहे, ते कोण?

चारही प्रश्नांत यादी एका टेबलातली हवी आहे आणि अट दुसऱ्या टेबलातल्या माहितीवर आहे. लॉटची यादी हवी, अट तालुक्यावर. शेतकऱ्यांची यादी हवी, अट लॉटवर. म्हणून नवा प्रोग्रॅमर चौघांनाही एकच उपाय करतो: डेटाबेसच्या एसक्यूएल भाषेत टेबले जॉइन करायची, म्हणजे एकमेकांना जोडायची, आणि व्हेअरमध्ये, म्हणजे गाळणीच्या भागात, अट लिहायची. पहिल्या प्रश्नाचे उत्तर त्याने बरोबर येते. दुसऱ्यात नावे दोनदोन-तीनतीनदा येतात. तिसऱ्या आणि चौथ्या प्रश्नाची यादी साफ चुकते, आणि चुकताना स्क्रीनवर कुठलीही एरर येत नाही. क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न) चालते, यादी छापून निघते आणि तिच्यावरून पैसे दिले जातात. म्हणून हा विषय नीट समजून घेण्यासारखा आहे.

माझे म्हणणे एवढेच आहे की क्वेरी लिहिण्याआधी प्रश्न मराठीत पूर्ण म्हणून बघावा. "ज्याचा एक तरी", "ज्याचा एकही नाही", "ज्याचे सगळेच" यांपैकी नेमके काय विचारले आहे हे एकदा ठरले, की प्रत्येकासाठी क्वेरीचा साचा ठरलेला आहे.

उदाहरणासाठी टेबले

पुढच्या सगळ्या क्वेरी या टेबलांवर आहेत:

तालुका (आयडी, नाव)
गाव (आयडी, नाव, तालुका_आयडी)
शेतकरी (आयडी, नाव, गाव_आयडी, उचल)
लॉट (आयडी, शेतकरी_आयडी, गोदाम_आयडी, प्रकार, रूप, पोती, दर, सौदा_तारीख)
पट्टी (आयडी, लॉट_आयडी, रक्कम, दिली_तारीख)
गोदाम (आयडी, ठिकाण)
खरेदीदार (आयडी, नाव)
बोली (लॉट_आयडी, खरेदीदार_आयडी, दर)

प्रकार म्हणजे हळद राजापुरी की परपेठ, रूप म्हणजे हळकुंड की गड्डा (गोल कंद). उचल म्हणजे शेतकऱ्याला दिलेली आगाऊ रक्कम. सौदा व्हायचा असेल तोवर दर रिकामा, म्हणजे नल. पट्टीचे पैसे दिले नसतील तोवर दिली_तारीख नल.

लिपीबद्दल एक सूचना. इथे सिलेक्ट, जॉइन, व्हेअर हे कीवर्ड आणि आकडे वाचायला सोपे जावेत म्हणून देवनागरीत लिहिले आहेत. प्रत्यक्ष टाइप करताना ते रोमन लिपीतच हवेत. टेबलांची आणि कॉलमांची नावे मात्र पोस्टग्रेस, मायएसक्यूएल आणि एसक्यूलाइट या तिन्ही डेटाबेसांतही देवनागरीत चालतात.

पहिली पायरी: बाण कुठून कुठे जातो ते कागदावर काढा

ज्या टेबलात फॉरेन की (दुसऱ्या टेबलातल्या ओळीचा आयडी ठेवणारा कॉलम) आहे तिथून, ती ज्या टेबलाकडे बोट दाखवते तिकडे बाण काढा. लॉटमधून शेतकऱ्याकडे, शेतकऱ्याकडून गावाकडे, गावाकडून तालुक्याकडे. पट्टीतून लॉटकडे. बोलीतून दोन बाण निघतात, एक लॉटकडे आणि एक खरेदीदाराकडे.

आता ज्याची यादी हवी आहे त्या टेबलावर बोट ठेवा आणि अट असलेल्या टेबलापर्यंत जा. बाणाच्या दिशेने गेलात तर प्रत्येक ओळीला पलीकडे जास्तीत जास्त एकच ओळ भेटते. एका लॉटचा शेतकरी एकच, त्याचे गाव एकच. उलट दिशेने गेलात तर एकीला अनेक भेटतात, किंवा एकही भेटत नाही. एका शेतकऱ्याचे पाच लॉट असतील, कुणाचा यंदा एकही नसेल.

हा फरक ओळखता आला की अर्धे काम झाले. वाटेतली एक जरी उडी उलटी असली, तरी सगळा प्रवास उलटा धरायचा.

दुसरी पायरी: बाणाच्या दिशेने गाळणे

मिरज तालुक्यातले लॉट:

सिलेक्ट ल.*
फ्रॉम लॉट ल
जॉइन शेतकरी शे ऑन शे.आयडी = ल.शेतकरी_आयडी
जॉइन गाव गा ऑन गा.आयडी = शे.गाव_आयडी
जॉइन तालुका ता ऑन ता.आयडी = गा.तालुका_आयडी
व्हेअर ता.नाव = 'मिरज'

इथे ओळी वाढत नाहीत, म्हणून साधा जॉइन निर्धोक आहे. पोत्यांची बेरीज घ्या, सरासरी दर काढा, सगळे बरोबर येईल. ल.* लिहिले आहे ते मुद्दाम. नुसता तारा लिहिला तर चार टेबलांचे आयडी एकाच नावाने येतात, आणि प्रोग्रॅममध्ये लॉटचा आयडी समजून तालुक्याचा आयडी वापरला जाऊ शकतो.

दोन गोष्टींकडे मात्र लक्ष हवे. पहिली, वाटेतली फॉरेन की रिकामी असू शकते का? पूर्वी हळद हरिपूरच्या पेवांत, म्हणजे जमिनीतल्या साठवणीच्या खड्ड्यांत, ठेवत. आता ती गोदामात जाते, पण यार्डात आजच उतरलेल्या लॉटला गोदाम मिळालेले नसते. तिथे गोदाम_आयडी नल असतो. आता "कुपवाडच्या गोदामात नसलेले लॉट" काढताना गोदाम जॉइन करून ठिकाण कुपवाड नाही अशी अट घातली, तर यार्डात उघड्यावर पडलेले लॉट यादीतून गायब होतात. खरे तर त्यांचीच काळजी सगळ्यात जास्त असते. अशा वेळी लेफ्ट जॉइन (पलीकडे ओळ नसली तरी अलीकडची ओळ ठेवणारा जॉइन) करून अट पूर्ण लिहायची:

लेफ्ट जॉइन गोदाम गो ऑन गो.आयडी = ल.गोदाम_आयडी
व्हेअर गो.ठिकाण <> 'कुपवाड' ऑर गो.आयडी इज नल

ठिकाणाचा कॉलमही रिकामा राहू शकत असेल, तर गो.आयडीऐवजी गो.ठिकाण इज नल लिहा. त्यात दोन्ही प्रसंग येतात.

दुसरी गोष्ट नावांची, आणि ती आपल्या भाषेत जास्त त्रास देते. कऱ्हाड हा शब्द घ्या. त्यातला ऱ दोन तऱ्हांनी टाइप होतो. एकात ऱ हे स्वतंत्र अक्षर आणि हलंत असतो, दुसऱ्यात साधा र, हलंत आणि डोळ्यांना न दिसणारा झिरो विड्थ जॉइनर. स्क्रीनवर दोन्ही तंतोतंत सारखे दिसतात, पण डेटाबेसच्या साध्या तुलनेत ते वेगळे शब्द ठरतात. युनिकोडचे नॉर्मलायझेशन (समान अक्षरे एकाच रूपात आणणे) केले तरीही ते एक होत नाहीत. कवठेमहांकाळ कुणी जोडून लिहितो, कुणी तोडून. आणि नाव अचूक लिहिले तरी ते एकमेव असेलच असे नाही: बोरगाव वाळवा तालुक्यात आहे आणि कवठेमहांकाळ तालुक्यातही आहे. नुसत्या गावाच्या नावावरून गाळले तर दोन्ही गावांचे लॉट एकत्र येतील.

म्हणून माणसाला यादीतून नाव निवडू द्यावे आणि क्वेरीत आयडी वापरावा. तालुका आणि गाव वेगळ्या टेबलांत ठेवण्याचा मोठा फायदा हाच आहे. उस्मानाबादचे धाराशिव झाले तेव्हा ज्यांनी जिल्ह्याचे नाव प्रत्येक ग्राहकाच्या ओळीत लिहून ठेवले होते त्यांना हजारो ओळी बदलाव्या लागल्या असतील. ज्यांच्याकडे जिल्ह्यांचे वेगळे टेबल होते, त्यांचे काम एका ओळीत झाले.

तिसरी पायरी: "ज्याचा एक तरी"

राजापुरी आणणारे शेतकरी हवेत. इथे आपण बाणाच्या उलट जातो आहोत. जॉइन केला तर तीन राजापुरी लॉट आणणारा शेतकरी तीनदा येतो. बहुतेक जण इथे डिस्टिंक्ट (पुन्हा आलेल्या ओळी काढणारा कीवर्ड) लावून मोकळे होतात आणि यादी नीट दिसू लागते. पण त्याच क्वेरीवर कुणी बेरीज मागितली की घोळ सुरू होतो.

समजा एका शेतकऱ्याची उचल ₹२०,००० आहे आणि त्याचे तीन राजापुरी लॉट आहेत. जॉइन करून उचलीची बेरीज घेतली तर त्याच्या नावावर ₹६०,००० निघतात. मग कुणी बेरजेच्या आतच डिस्टिंक्ट लिहितो. त्याने आणखी वाईट होते: दोन वेगळ्या शेतकऱ्यांची उचल योगायोगाने ₹२०,०००-₹२०,००० असेल, तर बेरजेत ती रक्कम एकदाच धरली जाते आणि ₹४०,००० च्या जागी ₹२०,००० येतात. उचलीचे आकडे गोल असतात, त्यामुळे हा योगायोग वारंवार घडणारच.

या प्रश्नाचा खरा साचा एक्झिस्ट्स हा आहे:

सिलेक्ट शे.*
फ्रॉम शेतकरी शे
व्हेअर एक्झिस्ट्स (
  सिलेक्ट १ फ्रॉम लॉट ल
  व्हेअर ल.शेतकरी_आयडी = शे.आयडी
  अँड ल.प्रकार = 'राजापुरी'
)

वाचा कसे: असा शेतकरी, ज्याचा एक तरी लॉट राजापुरी आहे. शेतकऱ्याची ओळ एकदाच तपासली जाते, एकदाच येते. उचलीची बेरीज बरोबर, मोजणी बरोबर, पानापानाने यादी दाखवली तर पानेही बरोबर. आतल्या सिलेक्टमध्ये १ लिहिले काय किंवा काही लिहिले काय, फरक पडत नाही. ओळ आहे की नाही एवढेच पाहिले जाते. आयडी इन (सबक्वेरी) असे लिहिले तरी या प्रश्नापुरते उत्तर तेच येते. मी तरीही एक्झिस्ट्स सुचवतो, कारण पुढच्या प्रश्नात तोच साचा उलटा करायचा आहे आणि तिथे इन धोक्याचा ठरतो.

जॉइन कधी वापरायचा? यादीत लॉटचेही कॉलम दाखवायचे असतील तेव्हा. मग ती यादी शेतकऱ्यांची राहत नाही, लॉटची होते, आणि ती तशीच समजून वापरावी.

चौथी पायरी: दोन अटी एकाच लॉटवर की दोन वेगळ्या?

"राजापुरी आणणारे आणि ₹१५,००० च्या वर दर मिळालेले शेतकरी" असे कुणी म्हटले तर थांबा आणि विचारा. राजापुरीलाच ₹१५,००० च्या वर मिळाले पाहिजेत, की एक लॉट राजापुरी असावा आणि दर दुसऱ्या कुठल्या लॉटला मिळाला तरी चालेल? बोलणाऱ्याच्या मनात बहुधा पहिला अर्थ असतो, पण नेहमीच नाही. हळकुंड आणि गड्डा दोन्ही आणणारे शेतकरी म्हटले तर दुसराच अर्थ घ्यावा लागतो, कारण एकच लॉट एकाच वेळी हळकुंड आणि गड्डा असू शकत नाही.

एकाच लॉटवर दोन्ही अटी असतील तर एकच एक्झिस्ट्स, आत दोन्ही अटी:

एक्झिस्ट्स (... अँड ल.प्रकार = 'राजापुरी' अँड ल.दर > १५०००)

वेगळे लॉट चालणार असतील तर दोन स्वतंत्र एक्झिस्ट्स:

एक्झिस्ट्स (... अँड ल.रूप = 'हळकुंड')
अँड एक्झिस्ट्स (... अँड ल.रूप = 'गड्डा')

दुसऱ्या प्रश्नाला पहिला साचा लावला तर यादी रिकामी येते आणि चूक लगेच लक्षात येते. पहिल्या प्रश्नाला दुसरा साचा लावला तर यादी थोडी लांब येते, आणि ती कुणाच्याच लक्षात येत नाही. तपासताना या दुसऱ्या शक्यतेवर नजर ठेवा.

हीच गोष्ट जँगो या पायथनच्या वेब फ्रेमवर्कमध्ये एका कंसाच्या जागेवरून ठरते. फिल्टरच्या एकाच कंसात डबल अंडरस्कोर वापरून लॉटच्या प्रकाराची आणि दराची अट दिली, तर दोन्ही अटी एकाच लॉटला लागतात. फिल्टरपुढे दुसरा फिल्टर साखळीने जोडला, तर प्रत्येक फिल्टर स्वतःचा वेगळा जॉइन करतो आणि अटी वेगवेगळ्या लॉटने पाळल्या तरी चालतात. साध्या कॉलमांवर साखळी आणि एकच कंस यांत काही फरक नसतो, म्हणून सवयीने लिहिणाऱ्याला उलट्या बाणावरचा हा फरक दिसत नाही. वर, दोन्ही प्रकारे शेतकरी दोनदा येऊ शकतो तो येतोच. जँगोत एक्झिस्ट्स आणि आउटररेफ (बाहेरच्या क्वेरीतल्या ओळीकडे बोट दाखवणारा) वापरून वरचा साचा जसाच्या तसा लिहिता येतो. पैशांच्या रिपोर्टसाठी मी तोच वापरावा असे म्हणेन.

लारावेल या पीएचपीच्या फ्रेमवर्कमध्ये व्हेअरहॅज हे एक्झिस्ट्सच तयार करते. त्याच्या एका क्लोजरमध्ये (सोबत दिलेल्या छोट्या फंक्शनमध्ये) लिहिलेल्या अटी एकाच ओळीला लागतात, दोन वेगळे व्हेअरहॅज म्हणजे दोन वेगळे एक्झिस्ट्स.

दोन्ही फ्रेमवर्कमध्ये एक गोंधळ सारखाच होतो: जोडलेली माहिती सोबत आणणे आणि तिच्यावरून गाळणे ही दोन कामे वेगळी आहेत. लारावेलच्या विथमध्ये (माहिती सोबत आणायच्या सूचनेत) अट घातली तर शेतकरी सगळेच येतात, फक्त त्यांच्यासोबत येणारे लॉट गाळले जातात. उलट, व्हेअरहॅजने शेतकरी गाळले तरी त्यांच्यासोबत लॉट सगळे येतात, परपेठसुद्धा. जँगोच्या प्रीफेचचेही तसेच. राजापुरीचे शेतकरी आणि त्यांचे फक्त राजापुरी लॉट दाखवायचे असतील तर अट दोन्हीकडे लिहावी लागते.

पाचवी पायरी: "ज्याचा एकही नाही"

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. "गड्डा न आणणारे शेतकरी" हवे म्हणून कुणी लॉट जॉइन करून रूप <> 'गड्डा' असे लिहितो. त्याचा अर्थ होतो, ज्याचा एक तरी लॉट गड्डा नाही असा शेतकरी. दोन लॉट हळकुंडाचे आणि एक गड्ड्याचा आणणारा यात आरामात बसतो. आणि ज्याने यंदा काहीच आणलेले नाही, तो मात्र वगळला जातो, कारण त्याच्याकडे जॉइन व्हायला ओळच नाही. म्हणजे यादी दोन्ही बाजूंनी चुकली.

नकार लॉटच्या अटीला लावायचा नाही, अस्तित्वाला लावायचा:

व्हेअर नॉट एक्झिस्ट्स (
  सिलेक्ट १ फ्रॉम लॉट ल
  व्हेअर ल.शेतकरी_आयडी = शे.आयडी
  अँड ल.रूप = 'गड्डा'
)

दिवाणजींचा तिसरा प्रश्न, ज्यांची एकही पट्टी दिलेली नाही, याच जातीचा आहे. तिथे आत लॉट आणि पट्टी जॉइन करून दिली_तारीख इज नॉट नल अशी अट येते. पण आधी विचारून घ्या की यंदा लॉटच न आणलेले शेतकरी यादीत हवेत का. नको असतील तर "एक तरी लॉट आहे" हा एक्झिस्ट्स वेगळा जोडावा लागेल.

आता नॉट इनचा धोका. आयडी नॉट इन (सिलेक्ट शेतकरी_आयडी फ्रॉम लॉट व्हेअर रूप = 'गड्डा') हे दिसायला निर्दोष आहे. पण समजा गाडी रात्री उतरली, माल कुणाचा ते सकाळी लिहू म्हणून एका गड्ड्याच्या लॉटचा शेतकरी_आयडी रिकामा राहिला. त्या एका नलमुळे पूर्ण यादी रिकामी येते. कारण असे की "हा आयडी त्या नलएवढा आहे का" याचे उत्तर डेटाबेस होय किंवा नाही असे देत नाही, अज्ञात असे देतो. नॉट इनला मात्र सगळ्यांशी नाही असे उत्तर हवे असते. अज्ञात उत्तराची ओळ व्हेअर पुढे जाऊ देत नाही. नॉट एक्झिस्ट्सला हा त्रास नाही: नलची ओळ कुणाशीच जुळत नाही, म्हणून तिचा परिणाम होत नाही.

लेफ्ट जॉइन करून पलीकडचा आयडी इज नल पाहणे हाही मार्ग बरोबर आहे, पण तिथे अट कुठे लिहिली याला फार महत्त्व आहे. रूप = 'गड्डा' ही अट ऑनमध्ये हवी. ती व्हेअरमध्ये गेली तर ज्यांना गड्डा भेटला नाही त्यांच्या नलच्या ओळी तिथेच गाळल्या जातात आणि लेफ्ट जॉइन नावापुरता उरतो.

मोजणीतही हेच. प्रत्येक शेतकऱ्याचे राजापुरी लॉट किती, शून्य असले तरी दाखवा, असे असेल तर अट ऑनमध्ये ठेवा आणि काउंट(ल.आयडी) घ्या. काउंट(*) घेतले तर काहीच न आणणाऱ्याच्या नावापुढे १ येतो, कारण त्याची स्वतःची ओळ मोजली जाते.

जँगोच्या एक्स्क्लूडबद्दलही, म्हणजे ओळी वगळणाऱ्या सूचनेबद्दलही, सांगायला हवे. एका अटीपुरते ते "एकही नाही" असेच काम करते. पण उलट्या बाणावरच्या दोन अटी एका एक्स्क्लूडमध्ये दिल्या, तर त्या एकाच लॉटला लागतील याची खात्री नाही. फिल्टर आणि एक्स्क्लूड इथे एकमेकांचे आरसे नाहीत, आणि जँगोच्या अधिकृत कागदपत्रांतही हे स्पष्ट लिहिले आहे. दोन अटींचा नकार असेल तर नॉट एक्झिस्ट्सच लिहा. लारावेलमध्ये व्हेअरडझंटहॅव आहे, ते नॉट एक्झिस्ट्सच करते.

सहावी पायरी: "ज्याचे सगळेच"

ज्यांच्या सगळ्या लॉटांचा हिशोब चुकता झाला, असे शेतकरी. एसक्यूएलमध्ये "सगळ्या ओळींसाठी" असा थेट शब्द नाही, म्हणून वाक्य फिरवून म्हणायचे: असा शेतकरी, ज्याचा एकही लॉट असा नाही की ज्याची पट्टी दिलेली नाही. म्हणताना जीभ अडखळते, पण क्वेरी याच वाक्याची होते:

सिलेक्ट शे.*
फ्रॉम शेतकरी शे
व्हेअर एक्झिस्ट्स (
  सिलेक्ट १ फ्रॉम लॉट ल
  व्हेअर ल.शेतकरी_आयडी = शे.आयडी
)
अँड नॉट एक्झिस्ट्स (
  सिलेक्ट १ फ्रॉम लॉट ल
  व्हेअर ल.शेतकरी_आयडी = शे.आयडी
  अँड नॉट एक्झिस्ट्स (
    सिलेक्ट १ फ्रॉम पट्टी प
    व्हेअर प.लॉट_आयडी = ल.आयडी
    अँड प.दिली_तारीख इज नॉट नल
  )
)

पहिला एक्झिस्ट्स का? कारण ज्याचा एकही लॉट नाही, त्याचे "सगळे लॉट" चुकते आहेत हे तर्काने खरे ठरते, आणि दुकानात कधी न आलेला माणूसही या यादीत येतो. एका लॉटच्या दोन पट्ट्या निघत असतील, म्हणजे पैसे दोन हप्त्यांत देण्याची पद्धत असेल, तर सगळ्यात आतली अट बदलेल: एक पट्टी दिलेली असणे पुरेसे नाही, न दिलेली एकही उरता कामा नये. हा प्रश्न दुकानाच्या रीतीचा आहे आणि त्याचे उत्तर दिवाणजींकडे असते, प्रोग्रॅमरकडे नाही.

नल इथेही सतावतो. "ज्यांच्या सगळ्या लॉटांना ₹१५,००० च्या वर दर मिळाला" यासाठी नॉट एक्झिस्ट्सच्या आत नुसते दर <= १५००० लिहिले, तर सौदा न झालेला लॉट त्या अटीत अडकत नाही आणि शेतकरी यादीत येतो. आत दर <= १५००० ऑर दर इज नल असे लिहा, कंसासकट. कंस लिहायचा राहून गेला तर ऑरमुळे दुसऱ्या शेतकऱ्यांचे लॉटही अटीत शिरतील.

बोलीसारखी मधली टेबले आणि "शेवटचा" लॉट

खरेदीदार आणि लॉट यांच्यामध्ये बोली आहे. एका लॉटवर अनेक जण बोलतात, एक जण अनेक लॉटांवर बोलतो. वरचे तिन्ही साचे इथे तसेच चालतात, फक्त आतल्या सिलेक्टमध्ये बोली आणि लॉट जॉइन होतात. राजापुरी आणि परपेठ दोन्हींवर बोललेले खरेदीदार हवे असतील तर दोन एक्झिस्ट्स, किंवा ग्रुप बाय करून (खरेदीदारावार गट पाडून) गटावर अट: हॅविंग काउंट(डिस्टिंक्ट ल.प्रकार) = २. यातला डिस्टिंक्ट विसरला तर राजापुरीवरच दोनदा बोललेला माणूस यादीत येतो. निवडलेले प्रकार दोनाऐवजी पाच असतील आणि ते स्क्रीनवरून येत असतील, तर हॅविंगचा मार्ग सोयीचा पडतो.

"ज्यांचा शेवटचा लॉट परपेठ होता" हा प्रश्न मात्र वेगळा आहे. आधी प्रत्येकाचा शेवटचा लॉट ठरवायचा आणि मग त्याला अट लावायची. क्रम उलटा केला, म्हणजे आधी परपेठ गाळून मग शेवटचा काढला, तर कधीकाळी परपेठ आणलेला प्रत्येक शेतकरी येतो. रो_नंबर वापरून आतल्या क्वेरीत शेतकऱ्यावार क्रमांक द्या, तारीख उतरत्या क्रमाने आणि त्यापुढे आयडीही उतरत्या क्रमाने, आणि बाहेरच्या क्वेरीत क्रमांक १ व प्रकार परपेठ अशी अट लावा. एकाच दिवशी दोन सौदे होतात, म्हणून आयडी लावायलाच हवा. नाहीतर आज एक लॉट शेवटचा ठरेल आणि उद्या दुसरा. सौदा न झालेले लॉट आतच वगळा: पोस्टग्रेसमध्ये उतरत्या क्रमात नल सर्वांत वर येतो, मायएसक्यूएलमध्ये खाली. रो_नंबरसारखी विंडो फंक्शन मायएसक्यूएलमध्ये ८.० पासून आणि एसक्यूलाइटमध्ये ३.२५ पासून आहेत, दोन्ही २०१८ च्या आवृत्त्या. दुकानात त्याहून जुना सर्व्हर असेल तर "याच शेतकऱ्याचा यापेक्षा नंतरचा लॉट नाही" असा नॉट एक्झिस्ट्स लिहा.

वेग आणि तपासणी

हंगामात सौदे सुरू असताना यादी उघडायला वेळ लागला, तर पहिला संशय इंडेक्सवर, म्हणजे ओळी पटकन शोधण्याच्या सूचीवर, घ्या. एक्झिस्ट्सची आतली क्वेरी लॉट.शेतकरी_आयडी या कॉलमवरून शोधते. मायएसक्यूएलचे इनोडीबी हे नेहमीचे स्टोरेज इंजिन फॉरेन कीच्या कॉलमवर स्वतः इंडेक्स करते. पोस्टग्रेस आणि एसक्यूलाइट करत नाहीत. तिथे तो आपल्याला करावा लागतो. एसक्यूलाइटमध्ये फॉरेन कीची तपासणीसुद्धा सहसा बंद असते आणि प्रत्येक कनेक्शनला प्राग्मा ही सूचना देऊन चालू करावी लागते, नाहीतर पुसलेल्या शेतकऱ्याचे लॉट टेबलात तसेच राहतात आणि जॉइनमध्ये मात्र दिसत नाहीत. लॉट टेबलावर (शेतकरी_आयडी, प्रकार) असा जोड इंडेक्स केला तर तिसऱ्या पायरीची क्वेरी बहुतेक इंडेक्समधूनच भागते. एक्सप्लेन (डेटाबेस क्वेरी कशी चालवणार ते दाखवणारी आज्ञा) चालवून बघा. मोठ्या टेबलाची पूर्ण चाळणी होत असेल तर ते तिथे दिसते.

खऱ्या डेटावर यादी बरोबर वाटते म्हणून ती बरोबर असेलच असे नाही. चाचणीचा छोटा डेटाबेस करा आणि त्यात मुद्दाम अडचणीचे शेतकरी भरा: एकही लॉट नसलेला, फक्त राजापुरीचा, तीन राजापुरी लॉटांचा, राजापुरी आणि परपेठ दोन्हींचा, हळकुंडाबरोबर एक गड्डा आणणारा, सौदा न झालेल्या लॉटचा, अर्धी पट्टी मिळालेला, आणि दोघे सारख्याच उचलीचे. शिवाय शेतकरी_आयडी रिकामा असलेला एक गड्ड्याचा लॉट. प्रत्येक प्रश्नाला यातले कोण यायला हवेत ते क्वेरी चालवण्याआधी कागदावर लिहा, शक्यतो दिवाणजींना शेजारी बसवून. मग यादीची मोजणी शेतकऱ्यांच्या डिस्टिंक्ट आयडींच्या मोजणीशी जुळवा. दोन आकडे वेगळे आले तर कुठेतरी उलट्या बाणावर जॉइन झाला आहे. तो शोधून तिथे एक्झिस्ट्स लिहा.